१६ जीबीची माया

मंगळवार, सकाळी पावणेअकरा. स्थळ : हिंजवडी, तिसरा मजला. रिलीज तोंडावर आलेलं, टीम लीडचं तोंड त्याहून वाईट झालेलं आणि तेवढ्यात माझा मोबाइल थरथरला. ‘पप्पा कॉलिंग’. पप्पा ऑफिसच्या वेळेत कधी म्हणजे कधीच फोन करत नाहीत. काळजात धस्स झालं. मी तशीच उठून जिन्यात गेले.

‘‘काय करायलीस माय? बिझी आहेस का?’’

‘‘नाही, बोला ना. काय झालं? मम्मी बरी आहे ना?’’

‘‘ती बरी आहे. लॅपटॉप म्हणायलाय का, विंडोज दहाचं आता बंद. आमचं आम्ही बघणार नाही म्हणून. मग माझ्या शास्त्राचं काय?’’

मी इतकी हसले, इतकी हसले की जिन्यात सिगरेट ओढणारे दोघं वळून बघायला लागले. पप्पा मात्र हसले नाहीत. हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

थोडी ओळख करून देते. आमचं घर देवगाव फाट्याला. परभणी जिल्हा, सेलू तालुका. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे निघालात की एका ठिकाणी सेलूकडे जाणारा रस्ता फुटतो, तोच हा फाटा. चहाच्या टपऱ्या, काळ्यापिवळ्या जीपा आणि दिवाळीच्या आगेमागे कापसानं भरलेली वाहनं. पुण्यात कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं की मी ‘परभणीजवळ’ म्हणून मोकळी होते. आमचं घराणं मूळचं जालन्याकडचं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली, तिथं आमचे खापरपणजोबा होते असं पप्पा सांगतात. पप्पा जिल्हा परिषद शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यापासून आसपासच्या चार-पाच मंडळींत रविवारी संदेश द्यायला जातात. पगारी पाळक नव्हेत. एसटीचं भाडं खिशातलं आणि तयारी मात्र आठवडाभराची.

ती तयारी चालते ‘लोगोस’वर. हे बायबलच्या अभ्यासाचं सॉफ्टवेअर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, अमेरिकेतल्या कंपनीचं. नुसतं बायबल वाचायचं तर मोबाइलवर फुकट अॅप मिळतं हो! पण इथे एका ओळीवर क्लिक केलं की मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द, तो आणखी कुठे कुठे आलाय, कोशांत त्याचा अर्थ काय, कुठल्या टीकाकारानं काय म्हटलंय हे सगळं शेजारी शेजारी उघडतं. अशी सॉफ्टवेअर्स बरीच आहेत. ‘ई-स्वॉर्ड’ २००० सालापासून विंडोजवर फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही पळतं. ‘बायबलवर्क्स’ अभ्यासकांचं लाडकं होतं, ती कंपनी २०१८ मध्ये बंद झाली. पप्पांचा जीव लोगोसवर जडला, कारण वर्षानुवर्षं पै-पै साठवून त्यांनी त्यात हजारावर पुस्तकं जमवलीत. माझ्या वॉर्डरोबमध्ये जेवढे कुर्ते आहेत त्याच्या कैक पट!

आणि हे सगळं चालायचं कशावर? माझ्या पहिल्या बोनसमधून २०१४ मध्ये घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर. ४ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आणि बॅटरी कधीच देवाघरी गेलेली. म्हणजे लाइट गेली की लॅपटॉपही गेला.

खरं सांगू? मी पहिल्यांदा काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. लंच ब्रेकमध्ये शॉपिंग साइट उघडली, सेल बघितला आणि मला आवडला तो लॅपटॉप कार्टमध्ये टाकला. १३ इंची, वजनाला हलका, चकचकीत, रोझ गोल्ड. ८ जीबी रॅम. ‘पप्पांना काय करायचंय एवढं? वाचायचंच तर आहे.’ ईएमआयचं बटण दाबणार तेवढ्यात ओटीपी आलाच नाही. नेटवर्क गेलं. देव मानायचा की नाही हा माझा आणि पप्पांचा जुना वाद आहे, पण त्या दिवशीच्या नेटवर्कला मी अजून दुवा देते.

कारण त्याच शनिवारी मी घरी गेले.

रात्रभर बस. नगर, संभाजीनगर, जालना, मंठा. पहाटे फाट्यावर उतरले तर पप्पा टॉर्च घेऊन उभे. घरी पोहोचल्यावर म्हणाले, ‘‘चल, दाखवतो.’’ लॅपटॉप सुरू केला, सॉफ्टवेअरवर डबल क्लिक केलं आणि सरळ उठून चहा टाकायला गेले. चहा झाला, गाळला, आम्ही अर्धा कप प्यायलो, तेव्हा कुठे स्क्रीन उघडली! मी मोबाइलवर वेळ लावली होती. अकरा मिनिटं.

पण खरा धक्का पुढे होता. अक्षरं एवढी मोठी केलेली की अख्ख्या स्क्रीनवर फक्त चार ओळी मावत होत्या. पप्पा मान तिरकी करून, नाक स्क्रीनला लावून वाचत होते. एका बाजूचं दिसत नव्हतं म्हणून डोकं सरकवत होते.

‘‘हे कधीपासून?’’ मी विचारलं.

पप्पा गप्प. मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘सांगा की आता. काचबिंदू आहे त्यांना. दोन वर्षं झाली. रोज ड्रॉप घालायलेत. तुला सांगू नको म्हणाले.’’

काचबिंदूचं तुम्हाला माहीत असेल. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं आणि लख्ख दिसलं, असं त्यात होत नाही. डोळ्यातला दाब वाढून मागच्या नसेला इजा होते, बहुतेकदा नजर कडेनं आत आत आकसत येते. जेवढी गेली तेवढी परत येत नाही. औषधानं उरलेली टिकवायची, एवढंच हातात.

‘‘घाई लॅपटॉपची नाही गं,’’ पप्पा म्हणाले. ‘‘घाई माझी आहे.’’

रोझ गोल्ड कार्टमधून उडालं, हे वेगळं सांगायला नकोच.

मग मी माझ्या नोकरीत जे करते ते केलं. आधी प्रॉब्लेम समजून घेतला. हे सॉफ्टवेअर जड का? तर ‘इंडेक्सिंग’. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशी सूची ते हजार पुस्तकांतल्या प्रत्येक शब्दाची करून ठेवतं. म्हणूनच नंतर एखादा शब्द सेकंदात सापडतो. पण सूची बनवताना प्रोसेसर आणि डिस्क दोघांचाही घाम निघतो आणि नवीन पुस्तकं आली की हे काम पुन्हा काढावं लागतं. फिरत्या डिस्कवर पप्पांचं इंडेक्सिंग रात्रभर चालायचं आणि पहाटे लाइट गेली की बोंबललं! परत पहिल्यापासून.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंतची वाढीव मुदत घेऊन वर्षभर ढकलताही आलं असतं. पण विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि मूळ दुखणं तर विंडोजचं नव्हतंच.

पुण्यात परत येऊन मी दोन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातला पोरगा म्हणाला, ‘‘मॅडम, हेवी सॉफ्टवेअर आहे? मग गेमिंग घ्या!’’ आणि लाल-निळे दिवे लागणारं तीन किलोचं धूड समोर ठेवलं. पप्पा त्यावर स्तोत्रसंहिता वाचतायत असं चित्र डोळ्यासमोर आलं आणि मला हसू आवरेना. दुसरीकडे ‘एआय पीसी’चा स्टिकर दाखवून पंधरा हजार जास्त सांगितले. दोन्ही नको. कुणाला घरच्या मोठ्या माणसासाठी असं काही घ्यायचं असेल, म्हणून माझा हिशेब सांगते.

ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका, हा अक्षरांचा कारभार आहे, गाड्या उडवायच्या नाहीत. पैसे घाला एसएसडीवर. ५१२ जीबीची एनव्हीएमई घेतली. सगळ्यात मोठा फरक तीच पाडते. रॅम १६ जीबी आणि पुढे वाढवता येईल असा रिकामा स्लॉट हवाच. हलक्या मॉडेल्समध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, मग जन्मभर तेवढ्यावरच भागवा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, म्हणून ‘आत्ता ८, नंतर बघू’ हा विचार मी सोडून दिला. प्रोसेसर मधल्या फळीतला, आय-५ किंवा रायझन-५, बास. स्नॅपड्रॅगन चिपची विंडोज मशीन्स बॅटरीला झकास असतात, पण जुनी सॉफ्टवेअर्स आणि प्रिंटरचे ड्रायव्हर त्यावर चालतील का, हे आधी विचारून घ्या. मी त्या वाटेला गेले नाही.

स्क्रीन १६ इंची आणि मॅट. चकचकीत स्क्रीनवर खिडकीचा उजेड पडतो आणि पप्पांच्या डोळ्यांना तेच नको असतं. कीबोर्डमागे दिवा हवा, कारण ते पहाटे चारला उठतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याही रिव्ह्यूत सांगत नाहीत : पिनकोड! वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे म्हणतात, पण कुठल्या साइटवर? मी एका कंपनीच्या कस्टमर केअरला आमचा पिनकोड सांगितला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘सॉरी मॅम, दॅट लोकेशन इज नॉट सर्व्हिसेबल.’’ आयुष्याची पहिली अठरा वर्षं मी ज्या लोकेशनवर काढली ते सर्व्हिसेबल नाही! दुसऱ्या कंपनीनं माणूस पाठवायचं लेखी कबूल केलं. लॅपटॉप त्यांचाच घेतला.

माझं बजेट पासष्ट हजारांचं. वर गेलं, किती ते मम्मीला सांगितलेलं नाही.

चार दिवसांची सुट्टी टाकून लॅपटॉप घेऊन फाट्यावर गेले. सॉफ्टवेअर टाकलं, पुस्तकं उतरवायला माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. त्यात अख्खी रात्र गेली, पण इंडेक्सिंग मात्र सकाळचा पोहे-चहा होईपर्यंत आटपलं. पप्पांनी डबल क्लिक केलं आणि सवयीनं उठायला लागले. ‘‘बसा बसा,’’ मी म्हटलं, ‘‘उघडलं.’’ ते परत बसले. बराच वेळ नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. ‘‘आता चहाचं काय करायचं?’’ म्हणाले.

मला वाटलं, संपलं काम. पण नाही!

पप्पांनी एक फोल्डर उघडायला सांगितला. नाव : ‘टिपणं’. आठ-नऊशे पानं, जवळपास वीस वर्षांची. सुरुवातीची सेलूच्या डीटीपी सेंटरमध्ये टाइप करून घेतलेली, पुढची स्वतः केलेली. उघडलं तर सगळी गिचमिड. ती टिपणं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट शोधून टाकला आणि अक्षरं दिसायला लागली. पप्पा खूश.

मी नव्हते. कारण माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. एज ब्राउजरमध्ये मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आहे आणि त्यात मराठी आवाजही आहेत. नजर आकसत गेली तरी पप्पांना त्यांची टिपणं ऐकता आली पाहिजेत. पण जुन्या फॉन्टचा घोळ असा की स्क्रीनवर ‘दया’ दिसत असलं तरी आत कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि अर्धविरामांची खिचडी असते. म्हणजे शोधायला गेलं तर सापडत नाही आणि वाचून दाखव म्हटलं तर भुतासारखं बरळतं.

पप्पांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, ‘‘म्हणजे क्रिस्तपुराणासारखं झालं की!’’ फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात सुमारे अकरा हजार ओव्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि १६१६ मध्ये ते छापलं गेलं ते रोमन लिपीत. भाषा मराठी, अक्षरं परकी. चारशे वर्षांनी तीच गोष्ट आमच्या देवगाव फाट्याच्या लॅपटॉपमध्ये! मास्तरांपुढे बोलायची सोय नाही, बघा.

मग तीन दिवस मी तेच केलं. कन्व्हर्टरनं बराचसा मजकूर युनिकोडमध्ये येतो, पण रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, ‘दुसऱ्या’चं काहीतरीच होतं. सगळं डोळ्यांखालून घालावं लागतं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांचं लिखाण वाचत होते. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांना ‘मला उपासनेला यायचं नाही, मला हे पटत नाही’ असं सांगून टाकलं होतं. ते एक शब्द बोलले नव्हते. त्यानंतर त्यांच्या खोलीतल्या कागदांकडे मी कधी वळूनही बघितलं नाही.

काय काय होतं त्यात! विल्यम कॅरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं) १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं, तेव्हापासूनची शब्दांची टाचणं. पंडिता रमाबाईंवर तर चाळीस पानं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीनं बायबलचं भाषांतर करत होत्या, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. खिळे जुळवायला, छापायला आश्रमातल्याच मुली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्याच्या थोडेच दिवस आधी प्रुफं तपासून संपली होती. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. पप्पांनी शेजारी लिहिलं होतं : ‘त्यांना कानानं नीट ऐकू येत नसे. तरी काम थांबलं नाही.’ मग वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, त्यातले शब्द वेगळ्या रकान्यात.

आणि एक शब्द पुन:पुन्हा येत होता. ‘हेसेद’. हिब्रू शब्द. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी हा शब्द येतो. सव्वीस वेळा! पप्पा वीस वर्षं त्याला मराठी शब्द शोधतायत. पानभर यादी होती आणि प्रत्येकापुढे शेरा, वही तपासल्यासारखा :

दया – वरचा खालच्यावर करतो. पुरत नाही.
कृपा – साहेबाची पण असते.
निष्ठा – कोरडी.
प्रेमदया – बोलताना कुणी म्हणत नाही.
वात्सल्य – चांगला. पण फाट्यावर कळणार नाही.
माया – वेदान्ती हसतील. पण आपल्याकडे मायेला माया म्हणतात. नातं तुटायची वेळ आली तरी समोरच्याला सोडत नाही ती.

आणि त्याखाली : ‘उदा. – आमची ही. दर रविवारी उपासनेनंतर पोरीला फोन करून संदेश सांगते. पलीकडून नुसतं हं, हं येतं. तरी करते.’

मी लॅपटॉप बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

कारण तो फोन मला पाठ आहे. रविवार, दुपारी एक. मम्मी बोलत असते आणि मी फोन स्पीकरवर टाकून नखं रंगवत असते. मला वाटायचं, कोणाला कळतंय!

शेवटच्या दिवशी सगळी टिपणं तयार झाली. एज उघडलं, ते पान लावलं, बटण दाबलं. एक स्वच्छ, शहरी बायकी आवाज खणखणीत म्हणाला : ‘दया. वरचा खालच्यावर करतो. पुरत नाही.’ पप्पा डोळे मिटून ऐकत होते. पान संपत आलं. मी घाईनं थांबवायला गेले, पण पप्पांनी हात वर केला. ‘उदाहरण’ आलंच. मम्मी दारात परात घेऊन उभी होती. तिनं पूर्ण ऐकलं.

‘‘हे कधी लिहून ठेवलंत?’’ ती म्हणाली.

‘‘झाली असतील सात-आठ वर्षं.’’

‘‘आणि ही बाई कोण वाचणारी?’’

‘‘कॉम्प्युटर आहे तो,’’ मी म्हटलं.

‘‘बरा आहे. पुण्याचा दिसतोय.’’ असं म्हणून ती भाकरी टाकायला गेली. तिची पाठ बराच वेळ आमच्याकडे होती.

‘‘मग पप्पा, माया पक्का करायचा का?’’ मी विचारलं.

‘‘नाही गं. अजून बघू. घाई काय आहे?’’

घाई काय आहे! पंधरा दिवसांपूर्वी हाच माणूस घाई माझी आहे म्हणत होता.

त्या रात्री फाट्यावरून बसमध्ये बसले. डोळ्यांच्या डॉक्टरची पुढची तारीख माझ्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकलीय, त्या दिवशी सुट्टी टाकणार आहे. देवाबिवाचं म्हणाल तर मी होते तिथेच आहे आणि पप्पांनाही ते माहीत आहे. पण रविवारी दुपारी एक वाजता मी नेलपॉलिश बाजूला ठेवलं. मम्मीनं संदेश सांगितला. मी मध्येच एक प्रश्न विचारला.

पलीकडे एकदम शांतता. मग मम्मीचा आवाज, फोनपासून लांब : ‘‘अहो, इकडे या. ही काहीतरी विचारायलीय. तो लॅपटॉप घेऊन या!’’

आणि सांगू? अकरा सेकंदांत उत्तर आलं.